शेवटचा ताप

राजमती उपाध्येच्या घरी कुणी पेढे घेऊन आलं, तर ती पेढ्यांकडे नंतर बघायची, आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. दूधवाला तिनं दोनदा बदलला होता, पेपरवाला एकदा. आणि ‘मला बदलता येत नाही म्हणून ठेवलंय’ असं तिचा नवरा स्वतःच पाहुण्यांना सांगायचा. हा स्वभाव घरादाराला जितका जाच, तितकाच नोकरीत तिच्या कामाला आला होता. सांगलीजवळ, कुपवाडच्या एमआयडीसीत ‘तापनोंद’ नावाची एक प्रयोगशाळा होती. तिथं बसून राजमती खोटं बोलणारी यंत्रं पकडायची.

म्हणजे यंत्रं खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. “साहेब, हे कधी उघडलेलंच नाही,” असं म्हणून माणसं यंत्र पुढं करतात. ते खरं की थाप, हे ठामपणे सांगायची सोय २०३८ सालापर्यंत नव्हती. ती झाली एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूमुळं.

कुठल्याही यंत्राचं सर्किट बोर्ड उघडून पाहिलं, तर त्यावर तिळाएवढे तपकिरी ठोकळे शेकड्यांनी चिकटवलेले दिसतात. हे सिरॅमिक कपॅसिटर. एकेका तिळाच्या पोटात सिरॅमिकचे आणि धातूचे पातळ थर एकाआड एक रचलेले असतात, कधी तीनशे, कधी पाचशे. धातूच्या थरांवर विद्युतभार साठतो आणि मधलं सिरॅमिक तो पलीकडं जाऊ देत नाही. आता बोर्डावरची चिप असते मोठी अधाशी. तिला वीज लागते ती घोटाघोटानं आणि एकदम, आणि एवढ्या घाईत लांबच्या बॅटरीकडून ती वेळेत पोचत नाही. म्हणून तिच्या दाराशीच हे कपॅसिटर भरून ठेवलेले असतात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाण्याची घागर ठेवावी तसे. चिपनं घोट घेतला की घागर थोडी रिकामी होते, लगेच पुन्हा भरते, आणि विजेतला खळखळाटही मधल्या मध्ये शोषून घेते.

या सिरॅमिकमधल्या बेरियम टायटनेट नावाच्या पदार्थाला एक खोड आहे. तो म्हातारा होतो. सव्वाशे अंशांच्या वर तापवला, की त्याच्या आतली सगळी मांडणी विसकटते. थंड झाला की आतले कण छोटे छोटे गट करून नव्यानं बसतात. पंगतीत बसलेली माणसं सुरुवातीला चुळबुळ करतात आणि हळूहळू मांडी जमवतात, तसे हे गट जमत जातात, आणि जसजसे जमतात तसतशी कपॅसिटरची साठवायची ताकद घसरते. पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जितकी घसरते, तितकीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत, आणि तितकीच शंभराव्यापासून हजाराव्यापर्यंत. हिशेब असा ठरलेला असल्यामुळं, घसरण मोजली तर मागं जाऊन सांगता येतं, की हा कपॅसिटर शेवटचा कधी तापला होता. बोर्डावर सोल्डर मारायचं, म्हणजे वितळलेल्या धातूनं भाग जोडायचे, तर तीनशे अंशांची सोल्डरगन लावावी लागते. ती लागली, की शेजारच्या कपॅसिटरांचं म्हातारपण पुसलं जातं आणि ते पुन्हा पहिल्या दिवसापासून वय मोजायला लागतात.

ही खोड शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होती, पण एका कपॅसिटरवरून तारीख काढणं म्हणजे एका केसावरून माणसाचं वय सांगण्यासारखं होतं. मग चारशे सुयांचा एक पंजा आला. तो बोर्डावर अलगद टेकायचा, शेकडो कपॅसिटर एका वेळी मोजायचा, त्यांच्यातल्याच म्हातारे न होणाऱ्या दुसऱ्या जातीच्या कपॅसिटरांशी ताडून बघायचा आणि दोन-चार दिवसांच्या फरकानं तारीख सांगायचा. प्रयोगशाळेत सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. अहवालाच्या तळाशी एकच ओळ असे, ‘शेवटचा ताप’, आणि तिच्यापुढं तारीख.

बघता बघता ही ओळ कोर्टात चालायला लागली. जुने मोबाइल ‘नवेकोरे’ म्हणून विकणारे पकडले गेले, इस्पितळांची यंत्रं उघडून आतले भाग पळवणारे पकडले गेले. मिरजेत एक ठरलेलं लग्न मोडलं, कारण नवऱ्या मुलानं दिलेल्या घड्याळाला साखरपुड्याच्या आठच दिवस आधी ताप येऊन गेला होता. लोक एकमेकांच्या वस्तू गुपचूप घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायला लागले. राजमतीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट, सगळं जग उशिरा का होईना आपल्या वळणावर आलं, असं तिला वाटत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशी समितीकडून एक मोहोरबंद पाकीट आलं. आत वहीच्या पानाएवढं एक बोर्ड होतं आणि सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘जलसाद खांब, मौजे वाळवंडी.’

राजमतीनं कागद दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं.

कृष्णाकाठच्या चाळीस गावांत ‘जलसाद’चे खांब उभे होते. खांब नदीचं पाणी मोजायचा, पाणी धोक्याच्या रेषेला लागलं की त्याच्या डोक्यावरचा भोंगा वाजायचा आणि गाव उठून वर चालू लागायचं. अकरा ऑगस्टच्या पहाटे नदीला पूर आला, पण वाळवंडीचा भोंगा वाजलाच नाही. गावच्या पाणीयोजनेची मोटर सांभाळणारा यल्लाप्पा आंबी नदीकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर, झोपला होता. भोंगा वाजला की उठता येईल, या भरवशावर झोपला होता. तो वाहून गेला, आणि त्याच्या मरणाची चौकशी करायला समिती नेमली गेली.

भोंगा बनवणाऱ्या कंपनीनं समितीला कळवलं, की बोर्डाच्या एका कोपऱ्यातला कपॅसिटर आतून जोडला जाऊन जळालाय आणि त्यानं सगळी वीज खाऊन टाकलीय. पण खांबावरच्या ज्या पेटीत बोर्ड असतं तिचं सील तुटलेलं आहे, म्हणजे खांबावर देखरेखीला नेमलेल्या गावातल्या राखणदारानं गावठी दुरुस्ती केली आणि त्यातच तो बिघडला. हे खरं ठरलं तर राखणदारावर सदोष मनुष्यवधाचा खटला होणार होता. राखणदाराचं नाव होतं सुकुमार भूपाल मगदूम. तो राजमतीचा सख्खा धाकटा भाऊ.

नात्यातल्या माणसाची वस्तू वाचायची नाही, असा प्रयोगशाळेचा पहिला नियम होता. पण राजमतीचं आडनाव उपाध्ये आणि भावाचं मगदूम, त्यामुळं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. प्रमुख डॉक्टर नवाथे यांना सांगून ती मोकळी झाली असती, तर बोर्ड दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेलं असतं. आणि तो दुसरा ते नीट बघेल कशावरून? राजमतीचा सहकाऱ्यांवरही विश्वास नव्हता. तिनं बोर्ड वैद्यबुवांच्या पंजाखाली ठेवलं.

वीस मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली. ‘शेवटचा ताप : १९ जुलै, दोन दिवस मागेपुढे.’

भोंगा वाजला नाही, त्याच्या तीन आठवडे आधी.  राजमतीनं लगेच सुकुमारला फोन लावला.

“सुकू, एकोणीस जुलैच्या आसपास तू खांबाची पेटी उघडली होतीस?”

पलीकडं क्षणभर कुणीच बोललं नाही. “न्हाई गं अक्का. कशाला उघडू?”

तो क्षण राजमतीनं बरोबर टिपला. लोकांच्या उत्तरांपेक्षा तिला असल्या क्षणांवरच जास्त भरवसा होता. ती तशीच उठली, अर्धा दिवस रजा टाकली आणि वाळवंडीची एसटी पकडली.

सुकुमारचं दुकान घराच्या ओट्यावरच होतं. मिक्सर, पंपांचे स्टार्टर, तोंडं वासून पडलेले पंखे. बहिणीला बघताच त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“तुझा फोन आला तवाच मला कळलं, तू येणार.”

“उघडली होतीस ना?”

“व्हय. उघडली हुती.” तो खाली बघत म्हणाला. “पेटीत ओल धरली हुती अक्का, आतनं घाम आल्यागत. कंपनीला तीन डाव कळवलं, कुणी फिरकलं न्हाई. मग बोर्ड काढलं, फडक्यानं पुसलं, घरात खिडकीत वाळत ठेवलं आणि पेटीचं रबर आणायला जयसिंगपूरला गेलो. दुपारी येऊन बघतोय तर खडखडीत वाळलं हुतं. बसवून टाकलं. एवढंच.”

“सोल्डर?”

“न्हाई मारलं. आईशप्पत.”

“मग ताप कुठून आला? खिडकीत ठेवून बोर्ड सव्वाशे अंश तापत नाही सुकू. आणि जुलैत ऊन कुठलं?”

“मला काय म्हाईत! तुझा वैद्यबुवाच खोटा आसंल.”

“सकाळी फोनवर नाही म्हणालास. आता उघडली म्हणतोस. उद्या सोल्डरचंही कबूल करशील.”

सुकुमारचा चेहरा लाल झाला. “घाबरलो म्हणून न्हाई म्हणालो! तुला कायबी सांगायचं म्हणजे परीक्षेला बसल्यागत हुतंय. ती कंपासपेटी आठवतीया? मी चोरली म्हणून अख्खं वर्ष तू माझ्याशी बोलली न्हाईस. कपाटाच्या मागं घावली, तरी ‘तूच टाकली असशील’ म्हणालीस.”

“विषय बदलू नकोस. एक माणूस मेलाय.”

“तुला सांगायला पाहिजे व्हय? यल्लाप्पा रोज ह्या ओट्यावर चहा प्यायचा. त्याला खांदा मी दिलाय.”

तरी राजमतीचा विश्वास बसला नाही. घरात चुलीपुढं, म्हणजे आता गॅसपुढं, चंपाबाई भाकऱ्या थापत होत्या. घर जैनांचं, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची रीत. त्यांनी लेकीचं ताट वाढलं होतं. दारातून त्यांनी दोघांचं सगळं ऐकलं असणार, पण त्या मध्ये पडल्या नाहीत. भावाबहिणींच्या भांडणात आईनं बोलायचं नाही, हे त्यांनी पस्तीस वर्षं पाळलं होतं.

“बस, दोन घास खा,” त्या एवढंच म्हणाल्या.

“भूक नाही आई. शेवटची एसटी जाईल.”

माहेरी येऊन उपाशी जायची राजमतीची ही पहिलीच खेप. चंपाबाईंनी दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी पुडीत दिली आणि लेकीच्या पिशवीत कोंबल्या. ओट्यावरून जाताना सुकुमारनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल लिहायला घेतला. लिहिण्यासारखं एका ओळीचंच होतं. ती ओळ लिहिली की आपण भावाला तुरुंगात पाठवतोय, हे तिला लख्ख दिसत होतं. रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणूनच आपल्या हातून काहीतरी लपवलं जाईल, असा संशय तिला स्वतःचाही येत होता. तेवढ्यात कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. नेमका कुठला भाग गावठी पद्धतीनं जोडला, तेही अहवालात लिहा, म्हणजे राखणदाराला पळवाट राहणार नाही, असा त्याचा आग्रह होता.

प्रयोगशाळेत हे सहसा कुणी बघत नसे. समित्यांना तारीख हवी असायची. वैद्यबुवा सगळ्यांत ताज्या कपॅसिटरांचा गट निवडून तारीख काढायचे, आणि बाकीची माहिती पोटात ठेवून द्यायचे. राजमतीनं ती पोटातली माहिती उघडली आणि पहिल्यांदाच एक आकडा वाचला. बोर्डावर कपॅसिटर दोनशे बारा. त्यांतले ताजे चौऱ्याहत्तर.

ती दचकली. दुरुस्ती करणाऱ्याची सोल्डरगन एका जागी टेकते. तिच्यानं पाच कपॅसिटर ताजे होतात, फार तर दहा. चौऱ्याहत्तर कसे होतील? हा आकडा कालही इथंच होता. भाऊ खोटा बोलतोय हे एकदा मनानं घेतल्यावर तिनं तो बघितलाच नव्हता.

तिनं बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. कारखान्यातलं सोल्डर वितळायला दोनशे सतरा अंश तरी लागतात. या बोर्डावरचे सगळे सांधे कारखान्यातून आले तसेच होते, एकही वितळून पुन्हा गोठलेला नव्हता. म्हणजे बोर्ड सव्वाशेच्या वर तापलं होतं आणि दोनशे सतराच्या आत राहिलं होतं. असला मधलाच ताप कुठली सोल्डरगन देईल? तिनं पडद्यावर बोर्डाचा नकाशा मांडला, ताजे कपॅसिटर लाल आणि जुने निळे केले, आणि कळ दाबली.

लाल ठिपके मधोमध नव्हते, की एका कोपऱ्यातही नव्हते. डाव्या अंगाला एक वाकडी, जाड कड उमटली होती. वर टोकदार, मध्ये रुंद, खाली पुन्हा टोकदार.

दुपारचा एक वाजला होता. नकाशाकडं बघत बघतच तिनं पिशवीतलं फडकं सोडलं, भाकरी बाहेर काढली, आणि तिचा हात तसाच थांबला.

आईचा तवा बिडाचा. राजमतीच्या जन्माआधीपासूनचा. घासून घासून तो एका अंगाला झिजलेला, त्यामुळं त्या अंगाला जास्त तापायचा आणि आईच्या प्रत्येक भाकरीवर डाव्या बाजूला एक तपकिरी कड उमटायची. लहानपणी ती आणि सुकू त्याला चंद्रकोर म्हणत. ती बाजू कुरकुरीत लागायची म्हणून तिच्यावरून दोघांची मारामारी व्हायची. तीच चंद्रकोर आता तिच्या हातातल्या भाकरीवर होती आणि पडद्यावर लाल ठिपक्यांत होती.

राजमतीचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास बसेना. भावाला सोडवायचं म्हणून आपल्याला भाकरी दिसत नाही ना? तिनं नकाशा बोर्डाच्या मूळ मापात छापला, भाकरी त्यावर ठेवली आणि पेन्सिलीनं कड आखली. दोन्ही कडा एकमेकींवर बसल्या. कागदाला चटणीचं तेल लागलं तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

संध्याकाळी ती पुन्हा वाळवंडीत होती. सुकुमार कुणाचा तरी पंप बघायला मळ्यात गेला होता. चंपाबाई पीठ मळत होत्या.

“आई, सुकूनं जुलैत एक हिरवी पाटी खिडकीत वाळत ठेवली होती. ती तू तव्यावर ठेवलीस?”

“व्हय की,” चंपाबाई म्हणाल्या. “पार ओली हुती. त्यो जयसिंगपूरला गेला. म्हटलं, पोरगं येईस्तोवर वाळवून ठिवावी. मंद जाळावर शेकली थोडी.”

“कुणी सांगितलं तुला शेकायला?”

“तुझं आप्पा न्हवतं का पावसाळ्यात रेडिओची कॉइल तव्यावर शेकायचं? अगदी तसंच, खाली कागद घालून शेकली. मग परत खिडकीत ठिवली.”

“आणि हे तू बोलली नाहीस? काल मी इथं ओट्यावर सुकूला एवढं बोलत होते, तुला ऐकू येत होतं!”

चंपाबाईंनी हात थांबवले. “तुम्ही सोल्डर का फोल्डर म्हणत हुता. तव्याचं कुठं बोलत हुता? आणि मला इचारलंस कुठं गं तू? आल्यापासनं त्यालाच इचारत हुतीस. चोर ठरवून मग इचारतीस तू, राजमती. लहानपणापासनं.”

राजमती तिथंच जमिनीवर बसली. भावाच्या तोंडावर आपण काय काय बोललो, ते एकेक शब्द तिला आठवत होते. तिची तिलाच शरम वाटली. आई मात्र अजून तिच्याकडंच बघत होती, आणि बघता बघता आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“राजू, माझ्या तव्यानं त्यो भोंगा बिघडला व्हय गं? यल्लाप्पा माझ्यामुळं गेला व्हय?”

दुसरी कुठली लेक असती, तर तिनं आईला जवळ घेऊन ‘छे गं’ म्हटलं असतं. राजमतीनं तोंड उघडलं, पण न तपासलेलं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडेना.

“माहीत नाही आई,” ती म्हणाली. “बघावं लागेल.”

ते तिनं त्या आठवड्यात बघितलं. जळालेला कपॅसिटर बोर्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात होता, चंद्रकोरीपासून सगळ्यांत लांब. तो स्वतः मेलेला, त्याचं वय काढता येत नव्हतं, पण त्याच्या आजूबाजूचे नऊ कपॅसिटर निळे होते. त्यांना चार वर्षांत, कारखान्यातून निघाल्यापासून, ताप शिवला नव्हता. म्हणजे तिथं कुणी सोल्डर मारलं नव्हतं आणि तवाही पोचला नव्हता. तिनं तो कपॅसिटर आडवा कापला. आतल्या थरांतून एक तडा टोकापासून तिरका वर गेला होता. सिरॅमिक उष्णतेनं तडकलं तर तडा वेगळा जातो. असा तिरका तडा जातो तो बोर्ड वाकलं तर, आणि बोर्ड वाकतं ते कोपऱ्यातला स्क्रू फार आवळला तर. तड्यात ओल शिरली, थर आतून जोडले गेले आणि कपॅसिटर जळाला.

पण स्क्रू आवळला कुणी? कारखान्यानं, की सुकूनं बोर्ड परत बसवताना? या प्रश्नाचं उत्तर या बोर्डात नव्हतं. ते नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत, सील न तुटलेल्या पेट्यांमध्ये होतं; तिथंही तसाच तडा असला, तर दोष कारखान्याचा. तसल्या पेट्या काढून आणायचा अधिकार फक्त डॉक्टर नवाथ्यांना होता. त्यांच्याकडं जायचं, तर आधी हे बोर्ड आपण का वाचलं ते सांगावं लागणार होतं. गप्प राहिली असती, तर तव्याची चंद्रकोर दाखवून सुकूवरचा सोल्डरचा आरोप ती पुसू शकली असती आणि नोकरीही टिकली असती. पण मग स्क्रूचा संशय सुकूवर राहिला असता, आणि राहिलेल्या एकोणचाळीस गावांचे भोंगे पुढच्या पुरात वाजतील की नाही, तेही कुणाला कळलं नसतं.

ती नवाथ्यांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. तेलकट कागदासकट.

नवाथ्यांनी तो कागद उलटसुलट करून बघितला. “उपाध्ये, तुम्ही नियम मोडलात. तुमचं वाचन कोर्टात टिकणार नाही.”

“म्हणूनच आले सर. बोर्ड दुसऱ्याकडं द्या. आणि वरच्या तीन गावांतली न उघडलेली बोर्डं मागवा. उजवा वरचा कोपरा कापून बघा.”

“आणि तिथं तडा सापडला नाही तर?”

“तर माझ्या भावानं स्क्रू आवळला, असं लिहा.”

“आतापर्यंत एकावरही विश्वास ठेवला नाहीत. आज माझ्यावर कसा काय?”

“ठेवत नाहीये सर,” राजमती खरंच बोलून गेली. “पण आता इलाज नाही.”

नवाथे पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी आवक-जावक विभागात तिच्या बदलीचा कागद लिहायला घेतला.

तीन बोर्डं आली. सगळ्यांची सीलं शाबूत. दोन बोर्डांच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या कपॅसिटरात तोच तिरका तडा होता, फक्त ओल अजून आत शिरली नव्हती. तिसऱ्याचा वाचला होता, तोही जेमतेम. कारखान्यातला स्क्रू बसवणारा यांत्रिक हात गरजेपेक्षा जास्त जोर लावत होता आणि कपॅसिटर त्या स्क्रूच्या फार जवळ बसवलेला होता. समितीनं चाळीसही गावांची बोर्डं बदलायला लावली. सुकुमारवरचा खटला बारगळला. सील तोडल्याबद्दल खांबाची राखण मात्र त्याच्याकडून गेली. यल्लाप्पा परत येणार नव्हता, आणि ते कुठल्या अहवालानं बदलणार नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चारच्या सुमाराला, राजमती माहेरी आली. सुकुमार ओट्यावर होता. त्यानं बघितलं, थोडा सरकला, पण बोलला नाही. ती आत गेली. चंपाबाईंनी ताट वाढलं. भाकरी पांढरीशुभ्र होती, काठापासून काठापर्यंत. कुठं डाग नाही.

“तवा कुठाय आई?”

“मोडीत घालायला काढलाय,” चंपाबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. “ह्यो नवा आणलाय सुकूनं. न चिकटणारा.”

दाराच्या मागं, पोत्यावर, बिडाचा तवा पालथा पडला होता. त्याच्यावर धूळ होती. राजमतीच्या लक्षात आलं, की तिनं ‘माहीत नाही’ म्हटलं त्या दिवसापासून तो तिथंच असणार. ती उठली, तवा उचलला, मोरीत नेऊन घासला आणि गॅसवर ठेवला.

“तुझ्या तव्यानं काही झालेलं नाही आई. तो भाग तव्याला लागलाच नव्हता. मी बघितलं, नंतर दुसऱ्यांनीही बघितलं.”

चंपाबाईंनी मान वर केली. लेकीच्या तोंडाकडं त्या निरखून बघत राहिल्या, अगदी पेढे आणणाऱ्याकडं बघावं तसं.

“खरं सांगतीस, का मला बरं वाटावं म्हणून?”

“आई, मी आजवर कधी कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलले आहे का?”

ओट्यावरून सुकुमारचं मोठ्यानं हसू ऐकू आलं. दीड महिन्यातलं त्याचं पहिलंच.

“ते मातूर खरं हाय आई,” तो दारात येऊन म्हणाला. “इस्वास ठिव तिच्यावर.”

चंपाबाईंनी डोळे पुसले आणि उंडा थापायला घेतला. सुकुमार बहिणीशेजारी पाट टाकून बसला. तव्यावर पहिली भाकरी फुगली, उलटली, आणि डाव्या अंगाला तपकिरी कड धरू लागली. चंपाबाईंनी ती दोघांच्या मध्ये ठेवली.

राजमतीनं ती मोडली आणि चंद्रकोर सगळीच्या सगळी भावाच्या ताटात टाकली. त्यानं संशयानं तिच्याकडं बघितलं.

“कशाबद्दल?”

“कंपासपेटीबद्दल,” राजमती म्हणाली.